समुद्राचा प्रश्न मांडायचा कुणी?

सागरी शाश्वततेच्या फेलोशिपमध्ये नव्याने दाखल झालेल्या तरुण संशोधकांशी बोलताना पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास येतो: इथे दोन-तीन वर्षं घालवली तर माझा मूळ विषय मागे पडेल का? प्रश्न रास्त आहे. पीएचडी नुकतीच हातात आलेली असते. कुणी एकाच जातीच्या प्रवाळावर वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, कुणी समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनच्या रसायनावर, कुणी बोटींवरच्या खलाशांच्या हक्कांवर. आपल्या विषयातले चार लोक आता कुठे नावानं ओळखायला लागलेले असतात. नेमकं त्याच वेळी त्यांना सांगितलं जातं, की अर्थशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र, जीवशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्यांसोबत एका टेबलाशी बसा आणि मिळून एक काम उभं करा.

मी मत्स्यसाठ्यांचं गणित करणारी. मीही अशाच एका कार्यक्रमातून आले आणि आता तसल्याच कार्यक्रमात नव्यांना मार्गदर्शन करते. माझं उत्तर मी आडपडदा न ठेवता देते: हो, काही काळ मागे पडेल. शोधनिबंध उशिरा निघतील. पण आपला विषय ज्या प्रश्नावर उभा आहे तो प्रश्न नीट मांडला गेलाय का, हे मुळापासून तपासायला नंतरच्या आयुष्यात फारशी सवड मिळत नाही. नोकरी पक्की होते, प्रयोगशाळा उभी राहते, विद्यार्थी येतात, आणि प्रश्न तसाच पुढे चालू राहतो.

असे कार्यक्रम आजचे नाहीत. अमेरिकेतली जॉन नॉस यांच्या नावाची सागरी धोरण फेलोशिप 1979पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर थेट सरकारी आणि संसदीय कार्यालयांत कामाला पाठवते. संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे सागर विज्ञानाचं दशक म्हणून जाहीर केलं, तेव्हा कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी त्यात वेगळी जागा ठेवली. त्यामुळे निरनिराळ्या विषयांची माणसं एका खोलीत येतात, हे खरंच. पण एका खोलीत येणं वेगळं आणि आपल्या प्रश्नाला दुसऱ्याला हात लावू देणं वेगळं. बहुतेक ठिकाणी प्रश्न आधीच ठरलेला असतो. जीवशास्त्रज्ञ किंवा समुद्रविज्ञानाचा माणूस तो ठरवतो, मोजमाप होतं, निष्कर्ष निघतात, आणि मग शेवटच्या वर्षी समाजशास्त्राच्या अभ्यासकाला बोलावून सांगितलं जातं, "आता हे लोकांना समजावून सांगा." याला मी आंतरविद्याशाखीय काम म्हणत नाही. यात समाजशास्त्राचा अभ्यासक फक्त निरोप पोचवतो.

यानं काय होऊ शकतं, हे पाहायला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाची गोष्ट मी प्रत्येक नव्या गटाला सांगते. 1968 साली तिथल्या उत्तरी कॉडची पकड 8 लाख टनांवर गेली होती, त्यात परदेशी ताफ्यांचा वाटा मोठा होता. पुढे पकड घसरली. 1977 साली कॅनडानं 200 सागरी मैलांपर्यंतचं मासेमारी क्षेत्र आपल्या ताब्यात घेतलं आणि आता साठा सावरणार असं सगळ्यांनी धरलं. शास्त्रज्ञ दोन गोष्टींवरून अंदाज बांधत होते: संशोधन जहाजाची पाहणी, आणि खोल समुद्रातल्या ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटींना, ठरावीक वेळात किती मासा मिळतो त्याचे आकडे. ट्रॉलरचे आकडे चांगले होते. उरलेला कॉड एका जागी दाटीनं जमत होता आणि सुधारलेल्या यंत्रांमुळे ट्रॉलरना ती जागा अचूक सापडत होती. साठा आटत असतानाही जाळं भरून येत होतं.

किनाऱ्याजवळ सापळे लावणारे मच्छीमार मात्र 1980च्या दशकात सांगत होते, की मासा कमी येतोय आणि लहान येतोय. त्यांच्या संघटनेनं स्वतः जीवशास्त्रज्ञ गाठून सरकारी अंदाजांची तपासणी करून घेतली. अंदाज फुगलेले आहेत असाच निष्कर्ष 1986 साली निघाला. पण सापळा एका जागी लागतो आणि मासा त्यात आपणहून येतो. त्यामागचे कष्ट ट्रॉलरसारखे तासांत मोजता येत नाहीत, तशी नोंदही कुणी ठेवलेली नव्हती. त्यामुळे या माणसांचं म्हणणं गणितात शिरायला वाटच नव्हती. 2 जुलै 1992 रोजी मासेमारीवर बंदी आली. ती दोन वर्षांसाठी आहे असं सांगितलं गेलं होतं. सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं.

गणित करणारे लोक अडाणी किंवा अप्रामाणिक नव्हते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. त्यांच्यातल्या काहींनी धोक्याच्या सूचनाही दिल्या होत्या. पण "खोल समुद्रात किती मासा आहे" हा प्रश्न विचारायची यंत्रणा तयार होती आणि "किनाऱ्यावर मासा लहान का येतोय" हा प्रश्न विचारायची यंत्रणा नव्हती. एखादा मानववंशशास्त्रज्ञ त्या गटात पहिल्या दिवसापासून बसला असता तर साठा वाचला असता, असा दावा मी करणार नाही. राजकारण होतं, रोजगाराचं दडपण होतं, पाणी थंड झालं होतं. पण दुसरा प्रश्न निदान कागदावर आला असता.

ही गोष्ट संपलेली नाही. 2023 साली कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी साठ्याचं प्रारूप, म्हणजे साठ्याचा अंदाज काढायचं गणित, बदललं. आधी हिशेब 1983पासून सुरू व्हायचा, तो 1954पर्यंत मागे नेला. त्याबरोबर धोक्याची रेषा खाली सरकली आणि साठा "गंभीर" गटातून "सावध" गटात आला. समुद्रातला मासा एका रात्रीत वाढला नव्हता. जून 2024मध्ये बंदी उठली आणि वर्षाला 18 हजार टनांची मर्यादा घालून व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली. पर्यावरण संघटना नाराज झाल्या आणि किनारी मच्छीमारांची युनियनही नाराज झाली, कारण मोठ्या ट्रॉलरना आणि परदेशी ताफ्यांना पुन्हा वाटा मिळाला होता. धोक्याची रेषा कुठे ओढायची, हे काही अंशी गणित ठरवतं. त्या रेषेच्या वर आल्यावर पहिला मासा कुणी धरायचा, हे गणित कधीच ठरवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रारूपकारानं हा फरक पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

आता जरा प्रयोगशाळेत येऊ. माशाच्या कानात चुन्याचा एक छोटा खडा असतो, त्याला आम्ही ओटोलिथ म्हणतो. तो राळेत बसवून पातळ कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. उजेड नीट पडला की वलयं दिसतात: भराभर वाढीच्या काळाचा रुंद पट्टा, मंद वाढीच्या काळाचा अरुंद पट्टा. त्यांच्या जोड्या मोजल्या की माशाचं वय कळतं. आतली वलयं बहुधा स्पष्ट असतात. कडेला मात्र पट्टे इतके दाटीवाटीनं येतात, की सहा म्हणावं की सात, यावर डोळा अडतो. म्हणून एकच खडा दोघांनी वेगवेगळा वाचायचा असतो. दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही आणि माशाची लांबीही बघायची नाही.

आमच्या गटातली एक मानववंशशास्त्रज्ञ एकदा माझ्याशेजारी बसून हे पाहत होती. तिनं विचारलं, "लांबीचा रकाना का झाकलायस?"

"लांबी दिसली की डोळा तेवढीच वलयं शोधायला लागतो," मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं तिच्या मुलाखतींचे कागद काढून दाखवले. एकच मुलाखत दोघीजणी स्वतंत्रपणे वाचत होत्या. कुठे मासा कमी झाल्याचं बोलणं आहे, कुठे कर्जाचं, कुठे शेजाऱ्याशी भांडणाचं, याच्या खुणा समासात केलेल्या. बोलणाऱ्याचं नाव आणि त्याच्या बोटीचा आकार झाकलेला. "मोठ्या बोटीवाला बोलतोय हे कळलं की त्याच्या तक्रारीवर विश्वास बसत नाही," ती म्हणाली. त्या दिवसापर्यंत मुलाखत म्हणजे गप्पा, अशी माझ्या बाजूच्या बऱ्याच जणांची समजूत होती. स्वतःच्या डोळ्यावर तिनं बसवलेला पहारा माझ्याइतकाच कडक होता. एकमेकींवर विश्वास ठेवायला आम्हाला कुठलंही शिबिर लागलं नाही, ते दोन झाकलेले रकाने पुरले.

त्यातूनच आमचं पुढचं काम निघालं. मत्स्यसंशोधन संस्थांच्या कपाटांत जुन्या ओटोलिथच्या पाकिटांचे ढीग असतात, कित्येक दशकांपूर्वीचे. आणि म्हाताऱ्या मच्छीमारांच्या आठवणीत त्याच काळातले मासे असतात. दोन्ही समोरासमोर ठेवायचे. कुठे जुळतात, कुठे आठवण मोठी होते, कुठे कपाटातला नमुनाच एकांगी निघतो, ते पाहायचं.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली एका छोट्या टिपणात लिहिलं होतं, की मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला समुद्र जसा दिसला तोच मूळचा समुद्र असं धरते आणि ऱ्हास तिथून पुढे मोजते. फेलोशिपमध्ये पाऊल ठेवणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाचं वाचन मला माहीत नाही. ती कारकिर्दीची सुरुवात म्हणजे तुमचं आजचं वय. आज तुम्ही जो समुद्र पाहताय तो तुमच्या मनात "नेहमीचा" म्हणून बसतोय, आत्ता, या महिन्यात. त्याच्यामागे जायचं तर जीवशास्त्राच्या बाहेर पडावं लागतं.

सागरी परिसंस्थांच्या अभ्यासक लॉरेन मॅक्लेनाकन यांनी ते करून दाखवलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' या गावच्या वाचनालयात हौशी मासेमारांचे जुने फोटो होते. माणसं धक्क्यावर उभी आहेत आणि शेजारी दिवसभरात गळाला लागलेले मोठे मासे टांगलेत. त्यांनी 1956 ते 2007 या काळातले फोटो घेतले, चित्रातल्या माशांच्या लांबीचा अंदाज काढला आणि त्यावरून वजन. सरासरी वजन सुमारे 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आलं होतं. चेहऱ्यावरचा आनंद मात्र शेवटच्या फोटोतही तसाच आहे. 2009 साली हा अभ्यास छापून आला तेव्हा त्या स्वतः तरुण संशोधक होत्या. इतिहासाच्या कपाटात जीवशास्त्राचा आकडा असू शकतो, हे दिसायला दोन्हीकडे वावरणारं माणूस लागतं.

नकाशांचंही असंच. एका किनाऱ्यावर आमच्या गटानं मासेमारीच्या जागा लोकांकडून नकाशावर काढून घेतल्या होत्या. पुरुषांनी बोटींच्या जागा दाखवल्या, रंगीत पेनांनी गोल काढले, खोल पाण्यात गोलांची गर्दी झाली. किनाऱ्यालगतची पट्टी कोरीच राहिली. गटातल्या एका तरुण भूगोलाच्या अभ्यासकानं नकाशा उचलला आणि ओहोटीच्या वेळी खडकांवर शिंपले, खेकडे, कालवं वेचणाऱ्या बायकांकडे नेला. त्यांनी नकाशा आधी उलटा फिरवला, कारण त्या जमिनीकडून समुद्राकडे बघत होत्या आणि आम्ही तो समुद्राकडून छापला होता. मग एकीनं बोट ठेवून सांगायला सुरुवात केली: इथे भरतीनंतर तासाभरानं, इथे फक्त अमावास्येच्या ओहोटीला, इथे आता काही मिळत नाही. ती कोरी पट्टी भरून गेली. ज्या ठिकाणी मासेमारी बंद करून संरक्षित क्षेत्र करावं असं आमच्या प्रारूपानं सुचवलं होतं, ती नेमकी हीच पट्टी होती, कारण प्रारूपाच्या लेखी तिथे कुणाचंच नुकसान नव्हतं.

2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं इतर संस्थांच्या साथीनं लहान प्रमाणावरच्या मासेमारीचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध केला. जगातल्या एकूण पकडीतला किमान 40 टक्के वाटा अशा मासेमारीचा आहे आणि त्या सगळ्या साखळीत दर दहा माणसांमागे चार बायका आहेत, असं त्यात म्हटलंय. तरी पकडीच्या अधिकृत रकान्यांत खडकावरचं वेचणं पुष्कळदा येतच नाही. ते न आल्यामुळे कुठलं क्षेत्र "मोकळं" ठरतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आता थोडं व्यवहाराचं, कारण नुसत्या उत्साहावर कारकीर्द चालत नाही. शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा लावायचा, हे पहिल्याच महिन्यात बोलून लिहून ठेवा. अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुतेक वेळा वर्णानुक्रमानं येतात. प्रयोगशाळेच्या विषयांत पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. निवड समितीतला जीवशास्त्रज्ञ अर्थशास्त्रातला निबंध हातात घेतो आणि मधलं नाव पाहून ठरवतो, की या बाईनं फारसं काही केलेलं नाही. चांगली माणसं यात मागे राहिलेली मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे वेळ. मुलाखती घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते, त्याआधी त्या वस्तीत ओळख व्हावी लागते, आणि अहवाल झाल्यावर तो घेऊन परत जावं लागतं. परत जाण्याचा खर्च अर्जातच मागा. लोकांकडून माहिती घेऊन पुन्हा तोंड न दाखवणारे संशोधक किनाऱ्यावरच्या वस्त्यांनी पुष्कळ पाहिलेत, आणि त्याची किंमत तुमच्यानंतर येणाऱ्याला मोजावी लागते. जो कार्यक्रम पहिले काही महिने फक्त ऐकण्यासाठी देत नाही आणि पहिल्या तिमाहीतच "निष्पत्ती" मागतो, त्याच्या नावात आंतरविद्याशाखीय शब्द कितीही ठळक असला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही. हे मी निधी देणाऱ्यांनाही सांगते.

आणि दुःखाबद्दलही बोलायला हवं. एप्रिल 2024मध्ये जगातलं चौथं जागतिक प्रवाळ विरंजन, म्हणजे उष्णतेच्या ताणानं प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं. 2023च्या सुरुवातीपासून पुढच्या दोन वर्षांत जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन होण्याइतक्या उष्णतेचा ताण बसला. आमच्याकडची एक प्रवाळतज्ज्ञ खडकावर मोजणीसाठी आखलेल्या ज्या चौकटी पीएचडीपासून मोजत आलेली होती, त्या पांढऱ्या पडलेल्या तिनं त्या काळात पाहिल्या. ती परत आली आणि कित्येक दिवस तिनं आकडे भरले नाहीत. "मी मृत्यूच्या नोंदी ठेवतेय फक्त," ती म्हणाली. तिला धीर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि खोटा धीर मी दिला नाही. माणसानं निर्माण केलेल्या जादा उष्णतेतली सुमारे 90 टक्के उष्णता समुद्र पोटात घेतोय. ती एका खडकापाशी थांबवता येत नाही.

तिला पुन्हा टेबलाशी आणलं ते गटातल्या कायद्याच्या मुलानं. संयुक्त राष्ट्रांच्या 1982च्या समुद्र कायदा करारात प्रदूषणाच्या व्याख्येत पदार्थांबरोबर ऊर्जाही धरलेली आहे. छोट्या बेटांच्या देशांनी याच आधारावर आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा न्यायाधिकरणाकडे मत मागितलं होतं. 21 मे 2024 रोजी न्यायाधिकरणानं एकमतानं सांगितलं, की माणसानं हवेत सोडलेले हरितगृह वायू म्हणजे या करारानुसार सागरी प्रदूषणच, आणि ते रोखायचं, कमी करायचं कर्तव्य देशांवर आहे. त्या मतात विज्ञानाचा भाग मोठा आहे, पण तो न्यायाधीशांना वापरता येईल अशा रीतीनं मांडलेला आहे. तो मुलगा तिला विचारत राहिला: तुझ्या चौकटींतलं किती नुकसान उष्णतेमुळे आणि किती इतर कारणांनी, हे वेगळं करता येईल का? किती खात्रीनं? ही खात्री कायद्याला पुरेल का? तिला असे प्रश्न आधी कुणी विचारले नव्हते. तिनं जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या, या वेळी पाण्याच्या तापमानाच्या तारखांशी लावून, आणि पुढची पाहणी कशी करायची तेही बदललं.

नव्या फेलोंना आता एक काम समोर दिसतंय. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातल्या जैवविविधतेसाठीचा करार 2023 साली संमत झाला आणि 17 जानेवारी 2026पासून लागू झाला. पृथ्वीवरच्या समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्याच्या कक्षेत येतो. त्या करारानुसार एक वैज्ञानिक आणि तांत्रिक मंडळ स्थापन व्हायचंय, आणि त्यातले सदस्य निवडताना अनेक विषयांचं ज्ञान पाहावं, आदिवासी समूहांच्या आणि स्थानिक समाजांच्या पारंपरिक ज्ञानाची जाणही धरावी, असं करारातच लिहिलंय. खोल समुद्रात एखादं नवं काम करायचं तर आधी पर्यावरणावरचे परिणाम तपासावे लागणार, संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव येणार, आणि प्रत्येक प्रस्तावात आधी ठरणार, की काय मोजायचं आणि कुणाला विचारायचं. ही कागदपत्रं पुढची काही वर्षं लिहिली जातील. ज्यांनी लिहावीत असं मला वाटतं, ती माणसं आज पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, जागांचे अर्ज भरतायत, आणि त्यातल्या काहींचे अर्ज या आठवड्यात माझ्या टेबलावर आहेत.